रानाच्या वाटेवरचा पूल

आज पुलाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. शहरातल्या मोठ्या पुलाविषयी नव्हे. गाव आणि रान यांच्या मधून जो ओढा, नाला किंवा नदी वाहते, तिच्यावरच्या पुलाविषयी. कोकणात अशा ठिकाणी साकव घालतात, देशावर मोरी नाहीतर फरशी असते, आणि नागपूर-चांद्याकडे लोक तिला रपटा म्हणतात. नावे निराळी, काम एकच. माणसाला, गुराला, बैलगाडीला आणि अलीकडे मालमोटारीला पलीकडे पोचवायचे.

पलीकडे काय असते? पलीकडे सरकारी जंगल असते. ‘सरकारी’ या शब्दाने बिचकू नका. ते आपल्या सर्वांचे असते, म्हणून तर सरकारच्या नावावर असते. अर्थात सर्वांचे म्हणजे वाटेल त्याने कुऱ्हाड घेऊन शिरावे असे नव्हे. राखीव वनात शिरण्याला १९२७ च्या वन कायद्याची बंधने आहेत. पण विदर्भातल्या गावांना जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून निस्ताराचे हक्क आहेत. सरपण, गवत, बांबू, मोहफुले यांच्यासाठी रानात जाण्याचा हक्क कागदावर लिहिलेला आहे. आता प्रश्न असा, की हक्क कागदावर आहे आणि वाट मात्र पाण्याखाली आहे, तर त्या हक्काचे करायचे काय?

एक खरे उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाने झाकलेला आहे. त्या जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात भामरागड आहे. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम होतो. आलापल्लीकडून रानातून येणारा रस्ता हेमलकसा ओलांडून पर्लकोटेवर येतो. बाबा आमट्यांनी १९७३ साली जिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेच हे हेमलकसा. तिथला दवाखाना नदीच्या अलीकडे, भामरागड पलीकडे, आणि त्याच्याही पलीकडे माडिया गोंडांची गावे रानात विखुरलेली. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा आणि शंभरावर गावांचा संपर्क तुटायचा. वर्तमानपत्रांत ही बातमी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापून येई. त्या ठेंगण्या पुलाच्या जागी नवा उंच पूल बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले, ते यामुळेच.

यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पर्लकोटा काही फार मोठी नदी नव्हे. तिच्या स्वतःच्या पाणलोटात फारसा पाऊस नसला तरी तिला पूर येतो. कसा? पुढे इंद्रावती दुथडी भरून वाहू लागली, की ती पर्लकोटेचे पाणी आत घेत नाही. ते पाणी मागे तुंबते आणि पूल बुडवते. गावकरी याला ‘उलटे पाणी’ किंवा ‘दाब’ म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. तेव्हा पुलाची उंची ठरवायची तर नुसते वरच्या अंगाला पाहून भागत नाही, खालच्या अंगालाही पाहावे लागते. पुलाखालचा ओढा पुढे कोणत्या नदीला मिळतो, ती नदी फुगली की पाणी कुठवर मागे येते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. नकाशाला ते ठाऊक असतेच असे नाही.

मग पहिला पूल बांधतानाच उंच का बांधला नाही, असे कोणी विचारील. रागाने विचारील आणि तो राग मी समजू शकतो. पण ठेंगणा पूल म्हणजे बांधणाऱ्याची चूक असे सरसकट म्हणता येत नाही. तो एक हिशोब असतो. फरशी किंवा रपटा हा बुडण्यासाठीच बांधलेला असतो, बरं का. वर्षातले बहुतेक दिवस पाणी खालच्या नळ्यांतून जाते, पुराच्या दिवसांत वरून जाते, आणि तेवढा वेळ वाहतूक थांबते. पूर चार-सहा तासांत ओसरत असेल, पलीकडे वस्ती थोडी असेल, तर हा हिशोब वाईट नाही. तो चुकतो केव्हा? पूर तासांऐवजी दिवसांत मोजावा लागतो तेव्हा. पलीकडे शाळा झाली, आश्रमशाळा झाली, तेंदूपत्त्याची फळी झाली, बाळंतीण अडू लागली, आणि पूल मात्र जुन्याच हिशोबाने उभा राहिला, तेव्हा.

हिशोब किती तफावतीचा असतो ते आकड्यांनी पाहू. गुरुजी-बाईंनी हे गणित वरच्या वर्गाला घालायला हरकत नाही. आपल्याकडे सह्याद्रीच्या बाजूच्या नद्यांसाठी सर क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र वापरतात. हे गृहस्थ मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्याच्या कामावर होते आणि खडकवासल्याच्या जल-संशोधन केंद्राचे काम त्यांनी उभे केले. सूत्र असे: पाणलोटाचे क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यावे, त्याला १२५ ने गुणावे, आणि क्षेत्रात १० मिळवून जे येईल त्याच्या वर्गमुळाने भागावे. उत्तर येते ते दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचे, घनमीटरमध्ये. समजा, घाटाकडच्या एका ओढ्याचा पाणलोट ४० चौरस किलोमीटर आहे. १२५ गुणिले ४० म्हणजे ५०००. चाळीसात दहा मिळवून पन्नास, त्याचे वर्गमूळ सात आणि थोडे वर. भागाकार सुमारे ७००. म्हणजे दर सेकंदाला ७०० घनमीटर पाणी. उन्हाळ्यात गावाला पाणी आणणारा दहा हजार लिटरचा टँकर तुम्ही पाहिला असेल. तसे सत्तर टँकर एका सेकंदात, पुढच्या सेकंदात आणखी सत्तर. हे सूत्र घाटमाथ्याच्या धो धो पावसासाठी आहे. चांद्याकडच्या सपाट रानात तेच लावले तर आकडा अवास्तव येईल, तिकडे दुसरी सूत्रे लावतात. पण अदमास कळावा म्हणून हे सांगितले.

आता याच ओढ्यावर सहा नळ्यांचा रपटा आहे असे धरा. प्रत्येक नळी एक मीटर व्यासाची. सहाही नळ्यांचे तोंड मिळून पावणेपाच चौरस मीटरच्या आत. पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने गेले तर नळ्यांतून जाते सुमारे १२ घनमीटर. कुठे बारा आणि कुठे सातशे! उरलेले सगळे पाणी रपट्यावरून जाणार. त्याऐवजी उंच पूल घालायचा, तर पुराच्या वेळी सरासरी पाच मीटर खोल आणि चाळीस मीटर लांब अशी मोकळी वाट पाण्याला ठेवावी लागेल, आणि तिथून पाणी सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने जावे लागेल. पुलाचा तळ सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीला टेकूनही चालत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे एवढ्या प्रवाहाच्या पुलाला पाण्यावर किमान १.२ मीटर मोकळी जागा लागते. ती जागा हवेसाठी ठेवलेली नसते. ती असते ओंडक्यांसाठी.

रानातल्या पुराचे हेच तर वैशिष्ट्य आहे. शेतातून येणारा पूर गढूळ पाणी आणतो, रानातून येणारा पूर झाड आणतो. मुळासकट उपटलेला साग, बांबूची बेटे, तोडून ठेवलेले बीट, वाळलेल्या फांद्यांचे भारे. रपट्याच्या नळीच्या तोंडाशी एक आडवा ओंडका अडकला, की त्याला पाला धरतो, पाल्याला माती धरते, आणि तासाभरात नळी बुजून जाते. मग तो रपटा राहत नाही, बंधारा होतो. पाणी वरून उडी मारते आणि खालच्या अंगाला भोवरा करून तळ खोदते. किंवा बाजूच्या काठात शिरते आणि जोडरस्ताच नेते. पूर ओसरल्यावर तुम्ही पाहता तर रपटा मध्ये ठाक उभा आणि दोन्ही बाजूंना रस्ता नाही! असे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पूल नेमका पडतो कुठे, याचे उत्तर बहुधा दोन जागी सापडते, पायात आणि काठाशी. मधला भाग सर्वांत बळकट असतो.

म्हणून नव्या पुलात खांब थोडे आणि अंतर जास्त ठेवतात. दोन खांबांमधून अख्खे झाड आडवे न होता निघून जावे. खांबाचे वरच्या अंगाचे तोंड गोल किंवा टोकदार करतात. पाया खडकात नेतात. कठीण खडक असेल तर निदान ०.६ मीटर, नरम असेल तर दीड मीटर तरी आत. वाळूच्या पात्रात तर पुराच्या वेळी वाळू स्वतःच वाहू लागते आणि पूर ओसरताना परत बसते, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला खड्डा दिसतच नाही. खोदाई किती होईल याचा हिशोब करून, खांबाजवळ सरासरी खोदाईच्या दुप्पट खोली धरावी लागते. हे काम मातीखाली होते, कोणाला दिसत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही. पण पैसा वाचवायचा मोह होतो तो नेमका इथेच.

जोडरस्त्याची गोष्ट पुलाइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे लक्ष मात्र कोणी देत नाही. पूल उंच झाला म्हणजे रस्ताही चढवावा लागतो. काठापासून पूल तीन मीटर वर असेल आणि चढ तिसास एक ठेवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना नव्वद-नव्वद मीटर भराव आला. पूर पूर्वी काठावरून पसरून जात होता, त्याला हा भराव आडवा येतो. पाणी अडते ते कोणाच्या शेतात? भरावाच्या वरच्या अंगाला ज्याची बांधी आहे त्याच्या. तेव्हा भरावात जागोजाग मोऱ्या ठेवल्या आहेत की नाहीत, हे नकाशा गावात आला की पहिल्यांदा पाहावे. धानाचे पऱ्हे चार दिवस पाण्याखाली राहिले म्हणजे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सर्वांत मोठा पूर म्हणजे कोणता, हे ठरवणेही वाटते तेवढे सोपे नाही. त्याला आता वीसएक वर्षे झाली असतील. एका रानातल्या नाल्यावर मोजणीसाठी गेलेल्या मंडळींत मी होतो. जुन्या रपट्याच्या काठच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती. आम्ही तीच पुराची खूण धरली आणि वहीत टिपून घेतली. एक आजीबाई सरपणाची मोळी टाकून आमची गंमत पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाबू, हे तं मागच्या सालचं पाणी हाय. मोठं पाणी आलं तवा त्या आंब्याच्या बेचक्यात बकरी अडकली होती.” आम्ही दुर्बीण लावली. आंब्याची बेचकी आमच्या रेघेपेक्षा पावणेदोन मीटर वर निघाली! आजीबाई आल्या नसत्या तर तो पूल पावणेदोन मीटर ठेंगणा झाला असता, आणि त्याचा दोष आम्ही पुढे पावसावर टाकला असता. त्या दिवसापासून मी मोजणीच्या जागी साखळी उघडण्याआधी गावातली तीन म्हातारी माणसे बोलावून आणतो. एकाला विचारून भागत नाही. माणसाला पूर आठवतो तो आपल्या दुःखाच्या मापाने. तिघांच्या खुणा जवळपास जुळल्या तर ती पातळी खरी.

आणखी एक गैरसमज सांगतो. इंजिनिअर म्हणतात, हा पूल शंभर वर्षांच्या पुरासाठी बांधला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आता शंभर वर्षे चिंता नाही. अर्थ तसा नाही. अर्थ असा की तेवढा मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक आहे. तो यंदा येऊन पुढच्या वर्षीही येऊ शकतो. गुरुजींनी वर्गात शंभर चिठ्ठ्या कराव्या, एकीवर ‘पूर’ लिहावे, आणि मुलांना एकेक चिठ्ठी काढून परत टाकायला सांगावे. तीस मुलांनी तीस वेळा काढली तर पुराची चिठ्ठी निदान एकदा निघण्याची शक्यता शंभरात सव्वीस आहे. म्हणजे चारांत एक. तीस वर्षे म्हणजे एका माणसाचा संसार. तेवढ्या अवधीत चारांत एक ही शक्यता काही लहान नव्हे.

आता रानाच्या पंचांगाकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. वणव्याचा हंगाम वनखाते १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरते, आणि त्या आधी जाळरेषा साफ कराव्या लागतात. जून लागला की पाऊस. पुलाचे काम कधी चालते? पाणी उतरल्यावर, म्हणजे दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. पाहा, रानाचा सगळा धंदा आणि पुलाचे सगळे काम एकाच सहामाहीत येतात. ठेकेदार येतो, जुना रपटा फोडतो, बाजूने मुरूम-मातीचा वळणरस्ता करतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या बोऱ्यांनी भरलेल्या मालमोटारी त्या वळणरस्त्यावर रुततात. पहिल्या वळवाने पत्ता भिजतो, आणि भिजलेल्या पत्त्याला भाव नाही. जूनच्या पहिल्या पुरात वळणरस्ता वाहून जातो. नवा पूल अर्धवट, जुना नाहीसा झालेला. मग गाव पूर्वी बुडीत पूल होता त्याहूनही वाईट अवस्थेत पावसाळा काढते.

म्हणून माझे सांगणे असे, की शक्य असेल तिथे जुना पूल फोडू देऊ नये. नवा त्याच्या शेजारी बांधावा, त्यावरून गाड्या जाऊ लागल्या म्हणजे मग जुना काढावा. पण काढावा मात्र नक्की. जुना तसाच ठेवला तर त्याला ओंडके अडकतात आणि नव्या पुलाच्या पायाशी भोवरे करतात. शेजारी जागाच नसेल तर वळणरस्त्याला नुसती माती चालणार नाही, त्यात नळ्या हव्यात आणि वर खडी हवी. पावसाळ्यात तो गेला तर माणसांसाठी काय सोय, नाव आहे का, नावाडी कोणाच्या पगारावर, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. काम सुरू झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

शेजारी बांधायचा म्हणजे नवी जागा आली, आणि नवी जागा बहुधा वनजमीन. जुन्याच जागी, जुन्याच रुंदीत पूल बसत असेल तर हा प्रश्न कमी येतो. जोडरस्ता सरळ करायला गेले की येतो. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला लावायची तर केंद्र सरकारची संमती लागते, आणि त्या फायली सावकाश चालतात. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सोयीसाठी एक वाट ठेवलेली आहे, ती पुष्कळ गावांना ठाऊक नाही. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची योजना अशा तेरा कामांची यादी आहे आणि तीत रस्ते आहेत. काम सरकारने चालवलेले असावे, दर कामाला जमीन एक हेक्टरच्या आत असावी, हेक्टरी पंच्याहत्तरांपेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. शेवटची अट नीट ऐका. शिफारस ग्रामसभेची. सरपंचाची एकट्याची सही नव्हे. तेव्हा पुलाचा नकाशा ग्रामसभेत फळ्यावर काढून दाखवा, असे म्हणायचा तुम्हाला पुरा अधिकार आहे. झाडे कोणती जाणार, मोहाचे किती, भराव कुठवर, हे विचारा. विचारले म्हणजे विरोध केला असे होत नाही.

कारण पूल हा दोन्ही बाजूंनी चालतो. त्यावरून डॉक्टर आत येतो, तसा सागवान चोरणाराही येतो. वणवा विझवणारे लोक वेळेवर पोचतात, तशी वाळूची मालमोटारही पोचते. रपटा बुडत होता तेव्हा चार महिने रानाला आपोआप कुलूप लागत होते. ते कुलूप निघाले म्हणजे राखण गावाला करावी लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखा गावाकडे पाहा. २००९ साली त्या गावाला अठराशे हेक्टरांच्या आसपास रानावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाने आपला बांबू स्वतः विकला. तिथे रानातून बाहेर जाणारी मालमोटार गावाच्या कागदावर जाते. अशा गावाला चांगला रस्ता आणि चांगला पूल म्हणजे चार पैसे अधिक. ज्या गावाची ग्रामसभा नुसती कागदावर भरते, त्याला तोच पूल कदाचित महाग पडेल. हे मी पूल नको म्हणून सांगत नाही. बाळंतीण पुराच्या अलीकडे अडवून ठेवून रान राखावे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

रानातली जनावरेही पुलाचा उपयोग करतात, पण वरून नव्हे, खालून. नागपूरहून मध्यप्रदेशाकडे जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना जाण्यासाठी नऊ जागा ठेवल्या, त्यांत चार लहान पूल आहेत आणि पाच खास भुयारी वाटा. सर्वांत लांब वाट साडेसातशे मीटरची. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहिले, तर वाघासकट अठरा जातींचे प्राणी त्यांखालून जाताना दिसले. आपल्या नाल्यावर एवढा खर्च कोणी करणार नाही, आणि करायला नकोच. पण पुलाची एक कमान काठापर्यंत वाढवून पाण्याच्या कडेला दोन-तीन मीटर कोरडी पट्टी ठेवली, तर रात्री चितळाला, रानडुकराला रस्त्यावर यावे लागत नाही. त्याच पट्टीने दिवसा तुमची गुरे पाण्यावर जातील. आणि पुलाखालचा तळ काँक्रीटने उंच करून ठेवू नये. पाणी तिथे पायरीसारखे खाली पडते, आणि पावसाच्या सुरुवातीला वर चढणारे मासे त्या पायरीशी अडतात. रानातल्या डोहात मासे का राहिले नाहीत याची कारणे पुष्कळ असतील, पण ही एक पायरी त्यांत असते.

जुना पूल धोक्याचा झाला हे ओळखायचे कसे, असे पुष्कळ जण विचारतात. खांबाच्या बुडाशी कपारी पडल्या, पुलाचा कठडा एका रेषेत दिसेनासा झाला, गाडी जाताना पूर्वी नव्हता असा हादरा बसू लागला, काठाच्या भिंतीमागची माती खचली, तर लेखी कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी. पूर असताना रपटा ओलांडू नये, हे तर प्रत्येकाला पाठ आहे आणि प्रत्येक जण मोडतो. गुडघाभर पाणी वेगात असले की धडधाकट माणसाला पाडते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. शिवाय रपट्याचा पुढचा भाग खाली शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. अंधारात दोन एस.टी. गाड्या आणि त्यांच्याबरोबर माणसे गेली. पूल मुंबई-गोवा महामार्गावरचा होता. १६५ दिवसांच्या कामात त्याच्या जागी नवा पूल उभा राहिला, आणि जून २०१७ मध्ये, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, तो खुलाही झाला. म्हणजे आपल्याला एका हंगामात पूल बांधता येतो. यंत्रे आहेत, इंजिनिअर आहेत, पैसाही मिळतो. रानातल्या पुलाला तीन-तीन, चार-चार पावसाळे लागतात याचे कारण नदी अवघड आहे हे नसते. त्या पुलावरून जाणाऱ्यांची संख्या थोडी असते आणि त्यांचा आवाज लांब पोचत नाही, हे असते. मला हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आवाज पोचवायचा तर हातात आकडे हवेत, आणि ते जमवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे गावची शाळा. गुरुजींनी, बाईंनी एक वही घालावी. जून ते ऑक्टोबर रोज एकदा पूल पाहायचा. पाणी पुलावरून होते का, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोण अडले, दवाखान्यात जायचे होते की बाजारात, शाळेत किती मुले आली नाहीत. एवढेच लिहायचे, मोठा निबंध नको. दोन पावसाळ्यांची अशी वही ग्रामसभेच्या ठरावाला जोडली, तर ‘आमचे फार हाल होतात’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या साली सदतीस दिवस वाट बंद होती’ हे वाक्य टेबलावर जास्त वेळ टिकते. सदतीस हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला, तुमचा तुम्ही मोजा.

त्याच वहीसाठी पुलाजवळच्या एखाद्या पक्क्या खडकावर किंवा जुन्या झाडाच्या बुंध्यावर दर सालच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण करून ठेवावी. एक आडवी रेघ आणि शेजारी साल. पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी करावी, पाल्याची रेघ तोवर ताजी असते. झाडावर खिळे ठोकू नयेत. आणि रंग तेलाचा घ्यावा. चुन्याची रेघ पुढच्या पुरात धुऊन जाते.